एक ओळ ग्रीक, एक ओळ इंग्रजी : नवा करार मुळातून भाषांतरित करू लागणाऱ्यांसाठी

आपल्याकडे नव्या कराराचं ग्रीक शिकणारे बहुतेक जण एकाच वाटेने येतात. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी बायबल, आणि सेमिनरीच्या वर्गात मात्र पाठ्यपुस्तक इंग्रजी, शब्दकोश इंग्रजी, प्रश्नपत्रिकेत 'पुढील उताऱ्याचं इंग्रजीत भाषांतर करा'. मीही त्याच वाटेने गेले. पहिलं वर्षभर मी ग्रीक शब्दाखाली इंग्रजी शब्द लिहीत राहिले आणि ओळ भरली की भाषांतर झालं असं समजत राहिले. व्याकरण पाठ होतं, तरी वचन हाती लागत नव्हतं. तेव्हा कुणी शेजारी बसवून सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ग्रीकमधून इंग्रजीवर थेट उडी मारू नका. मध्ये मराठीत थांबा. ग्रीकला विभक्त्या आहेत, आपल्यालाही आहेत. इंग्रजीने त्या जवळजवळ सोडून दिल्या. ग्रीकमध्ये 'तू' वेगळं आणि 'तुम्ही' वेगळं, इंग्रजीत दोन्हींना एकच 'यू'. ग्रीक माणसाची माया आतड्यात राहते, मराठी माणसाचीही. इंग्रजी जिथे काहीतरी गिळून टाकते, तिथे मराठी कान आधी टवकारतो. तो टवकारला की वहीत खूण करायची.

सोबत एक वचन घेऊन चालू. मार्क १:३२, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायाचं बत्तिसावं वचन :

ओप्सिआस दे गेनोमेनेस, होते एद्यु हो हेलिओस, एफेरोन प्रोस आउतोन पान्तास तूस काकोस एखोन्तास काइ तूस दाइमोनिझोमेनूस.

शब्दाखाली शब्द ठेवला तर असं दिसतं : 'संध्याकाळ, आणि, झालेली, जेव्हा मावळला तो सूर्य, आणत होते त्याच्याकडे सगळ्या त्या वाईट असणाऱ्यांना आणि त्या भूतबाधा झालेल्यांना.' नवख्या माणसाला अडतील अशा निदान चार जागा या एका ओळीत आहेत. एकेक करून त्या सुटतील.

१. टेबलावर काय काय हवं

ग्रीक मजकूर. नेस्ले-आलान्टची २८वी आवृत्ती (२०१२) किंवा युनायटेड बायबल सोसायटीजची ५वी (२०१४). दोन्हींचा मूळ मजकूर एकच, तळटीपा वेगळ्या. पहिली अभ्यासकांसाठी, दुसरी भाषांतरकारांसाठी. पैसे घालायचे नसतील तर २०१० साली निघालेला 'एसबीएल' ग्रीक नवा करार मोफत मिळतो.

शब्दकोश. एकच घेता आला तर बाउअर-डँकर, २०००ची तिसरी आवृत्ती. महाग आहे, म्हणून ग्रंथालयात बसून वापरा. जोडीला लोव आणि नायडा यांचा १९८८चा कोश ठेवा. त्यात शब्द अक्षरक्रमाने न लावता अर्थाच्या गटांनी लावले आहेत, त्यामुळे एका अर्थाचे शेजारी शब्द एकत्र दिसतात.

व्याकरणाची दोन पुस्तकं : एक धड्यांचं, एक संदर्भाचं.

तीन इंग्रजी भाषांतरं : एक शब्दाला धरून चालणारं, एक अर्थाला धरून चालणारं, आणि तिसरं 'नेट' बायबल. त्यात भाषांतरकारांनी आपल्या निवडीची कारणं तळटीपांत दिली आहेत. नवख्यासाठी त्या टीपा म्हणजे शेजारी बसलेला गुरुजी.

मराठी बायबल, रुळलेलं कोणतंही. आणि जाड पानांची वही, दर वचनाला एक पान.

आता टेबलावरून काय उचलून ठेवायचं. पहिलं, ग्रीक ओळीखाली इंग्रजी ओळ छापलेलं इंटरलिनिअर बायबल. डोळा खालच्या ओळीवरच जातो आणि वरची ओळ कधीच शिकली जात नाही. दुसरं, स्ट्राँगची १८९०ची शब्दसूची हा शब्दकोश आहे हा समज. ती किंग जेम्स या जुन्या इंग्रजी बायबलातले शब्द शोधण्यासाठी केलेली सूची आहे. तिच्या मागे छापलेली अर्थांची यादी ही त्या जुन्या भाषांतरात तो शब्द कसकसा आला त्याची नोंद असते. त्यातला आवडेल तो अर्थ उचलून कुठल्याही वचनात बसवता येत नाही.

किंग जेम्सशी (१६११) ताडून पाहताना आणखी एक लक्षात ठेवा. इरॅस्मसने १५१६ साली छापलेल्या ग्रीक मजकुरापासून जी परंपरा सुरू झाली, तिच्यावर ते भाषांतर आधारलेलं आहे. तुमच्या हातातला मजकूर त्याहून जुन्या हस्तलिखितांवर. योहानाच्या पहिल्या पत्रात ५:७ला दोन ओळींत फरक दिसला तर तो तुमच्या भाषांतराचा दोष नाही, मजकूरच वेगळा आहे.

२. लिपी शिका, आणि वहीत ग्रीक देवनागरीत लिहू नका

या लेखात मी देवनागरी वापरते आहे, पण तुमच्या वहीत ती नको. ग्रीकमध्ये 'ए' दोन आहेत, एप्सिलॉन आणि एटा. 'ओ'सुद्धा दोन, ओमिक्रॉन आणि ओमेगा. देवनागरीत ही जोडी एक होऊन जाते आणि क्रियापदाचा अर्थ त्यातच अडकलेला असतो. रोमकरांस पत्र ५:१ काढा. 'एखोमेन' ऱ्हस्व ओने लिहिलं तर 'आपल्याला देवाशी शांती आहे'. दीर्घ ओने लिहिलं तर 'आपण देवाशी शांती राखू या'. जुन्या हस्तलिखितांतही हे दोन्ही पाठ सापडतात. एका अक्षराने विधानाचा उपदेश होतो, आणि देवनागरीत तो फरक दिसणारच नाही.

लिपीला दोन आठवडे पुरतात. मग शब्द. नव्या करारात पन्नासाहून अधिक वेळा येणारे शब्द तीनशेच्या आसपास आहेत, आणि तेवढे पक्के झाले की पानावरच्या दर पाच शब्दांतले चार ओळखीचे होतात. रोज दहा, सकाळी, मोठ्याने.

३. क्रियापद आधी सोडवा

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर इथे तुम्ही वर्गात पुढे आहात, फक्त कुणी तसं सांगत नाही. भूतकाळात धातूआधी 'ए' लागतो, जसा 'अगच्छत्'मध्ये 'अ'. परफेक्टमध्ये पहिलं अक्षर दुणावतं : 'गेग्राप्ताइ', जसं 'चकार'. आणि वर्गात ज्याच्यावर सगळे अडतात तो मिडल व्हॉइस म्हणजे आपलं आत्मनेपद. पिलाताने हात धुतले (मत्तय २७:२४) तिथे क्रियापद 'अपेनिप्सातो', मिडलमध्ये. या वचनाच्या ग्रीकमध्ये 'आपले' असा वेगळा शब्द नाही, क्रियापदच ते सांगतं. इंग्रजीत 'हिज हँड्स' लिहावं लागतं, आणि ते लिहिणं बरोबर आहे.

आपल्या वचनातलं क्रियापद 'एफेरोन', इम्परफेक्ट. 'आणलं' नव्हे, 'आणत होते'. एक येतोय, मागून दुसरा येतोय, दार रिकामं होत नाही. इंग्रजीत 'ब्रॉट' लिहिलं तर सगळे एकदमच आले असं होतं. पहिल्या मसुद्यात मी 'केप्ट ब्रिंगिंग' लिहीन.

इथला सर्वांत मोठा सापळा एओरिस्टचा, म्हणजे ग्रीकमधल्या एका क्रियारूपाचा, जे बहुधा भूतकाळासाठी येतं. प्रवचनांत सर्रास ऐकू येतं : 'इथे एओरिस्ट आहे, म्हणजे एकदाच आणि कायमचं.' एओरिस्ट असं काही सांगत नाही. ती क्रिया अखंड, एक घटना म्हणून समोर ठेवते. किती वेळ लागला, पुन्हा झाली की नाही, याबद्दल गप्प राहते. योहान २:२० पाहा : 'हे मंदिर बांधायला शेहेचाळीस वर्षं लागली'. तिथलं क्रियापद एओरिस्टच आहे, आणि शेहेचाळीस वर्षं हे काही क्षणभराचं काम नव्हे. कुठे 'एकदाच' असा अर्थ असेल, तर तो वाक्यातल्या दुसऱ्या शब्दांवरून ठरतो.

'गेग्राप्ताइ'साठी मराठी फार सुंदर बसते : 'लिहिलेलं आहे'. कधीतरी लिहिलं गेलं आणि आज इथे, आपल्यासमोर, लिहिलेलं आहे. इंग्रजी 'इट इज रिटन' त्याच्या जवळ जातं. 'इट वॉज रिटन' करू नका, अर्धा अर्थ जातो.

४. षष्ठी दिसली की थांबा

'आईची आठवण येते' आणि 'आईची आठवण तल्लख आहे'. दोन्हीकडे 'आईची आठवण', पण पहिलीत आठवण मला येते आणि आई तिचा विषय आहे. दुसरीत आठवण आईलाच आहे. ग्रीक षष्ठीचं नेमकं असंच चालतं, आणि या एका गोष्टीवर शेकडो पानं लिहिली गेली आहेत.

करिंथकरांस दुसरं पत्र ५:१४ : 'ख्रिस्ताची प्रीती आम्हांला भाग पाडते.' ख्रिस्ताने आमच्यावर केलेली, की आम्ही ख्रिस्तावर केलेली? संदर्भ पहिल्या अर्थाकडे झुकतो, तरी वाक्यरचना दोन्ही मोकळं ठेवते. गलतीकरांस २:१६मधलं 'पिस्तिस ख्रिस्तू' तर आजही वादाचं आहे. किंग जेम्समध्ये 'फेथ ऑफ', आधुनिक भाषांतरांपैकी बहुतेकांत 'फेथ इन', आणि 'नेट' बायबलात ख्रिस्ताची विश्वासूता. तीनही भाषांतरं करणाऱ्यांना ग्रीक नीट येत होतं.

माझा नियम असा : पहिल्या मसुद्यात इंग्रजी 'ऑफ' ठेवून वाट मोकळी ठेवायची. संपूर्ण परिच्छेद झाल्यावरच ठरवायचं, आणि ठरवलं तर समासात कारण लिहायचं. ग्रीकने मोकळं ठेवलेलं दार आपण नकळत लावून घेणं ही माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी चूक. चुकीचा काळ निवडला तर कुणीतरी दाखवून देतं. लावलेलं दार वाचणाऱ्याला दिसतच नाही.

आता 'ओप्सिआस गेनोमेनेस'. दोन्ही शब्द षष्ठीत, पण 'संध्याकाळच्या झालेल्याच्या' असं काही नाही. ही स्वतंत्र रचना आहे, संस्कृतातली सति सप्तमी आठवा : सूर्ये अस्तं गते. मराठीत सरळ 'संध्याकाळ झाल्यावर'. इंग्रजीत 'व्हेन ईव्हनिंग केम'. वाक्याच्या सुरुवातीला नाम आणि पार्टिसिपल (धातूपासून केलेलं विशेषणासारखं रूप, इथे 'गेनोमेनेस') दोन्ही षष्ठीत दिसले, आणि ते नाम मुख्य वाक्याचा कर्ता नसेल, तर आधी हीच शंका घ्या.

५. पार्टिसिपल म्हणजे बहुधा आपलं 'ऊन'

ग्रीक माणूस 'तो उठला आणि गेला' असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो 'उठून गेला'. आपणही तसंच म्हणतो. इंग्रजीत मात्र 'हॅव्हिंग अरायझन, ही वेंट' असं लिहिलं की वाचणारा अडखळतो. म्हणून तिथे दोन क्रियापदं करून 'अँड'ने जोडावीत.

मत्तय २८:१९ या बाबतीत शिकवणारं आहे. 'पोरेउथेन्तेस' हे पार्टिसिपल, 'माथेतेउसाते' ही आज्ञा. काही जण सांगतात की इथे 'जा' ही आज्ञाच नाही, 'जाता जाता शिष्य करा' एवढंच आहे. मराठीत म्हणून पाहा : 'जाऊन शिष्य करा'. या वाक्यात जाणं ऐच्छिक वाटतं का? 'बाजारात जाऊन भाजी आण' म्हटलं आणि मुलगा घरीच बसला, तर त्याने अर्धी आज्ञा पाळली असं आई म्हणणार नाही. जोर भाजीवर आहे, पण जाणंही सांगितलेलंच आहे. इंग्रजी 'गो अँड मेक' योग्य आहे, आणि त्याचं कारण मराठी 'ऊन' इंग्रजी व्याकरणापेक्षा लवकर समजावतो.

'अपोक्रिथेइस एइपेन', शब्दशः 'उत्तर देऊन म्हणाला', पानोपानी भेटेल. इब्री (हिब्रू) कथनाची ती लकब आहे. आजच्या इंग्रजीत 'ही रिप्लाइड' पुरतं.

६. आर्टिकल : मराठी माणसाची दुखरी जागा

आपल्या भाषेत 'अ' आणि 'द' नाहीत. ग्रीकमध्ये 'द' आहे, 'अ' नाही. त्यामुळे आपण दोन्हीकडे चुकतो. ग्रीक नावांआधीही आर्टिकल लावतं, 'हो येसूस'. इंग्रजीत ते गाळायचं. 'हो हेलिओस'चं मात्र 'द सन' ठेवायचं.

उलट बाजूने, आर्टिकल नाही म्हणून इंग्रजीत 'अ' लावायचा असा नियम नाही. योहान १:१च्या शेवटच्या भागात 'थेओस' शब्दाला आर्टिकल नाही, आणि त्यावरून 'अ गॉड' असं भाषांतर केलेलं तुम्हाला भेटेल. त्याच अध्यायात सहाव्या वचनात बाप्तिस्मा देणारा योहान 'देवापासून' पाठवलेला होता असं आहे, तिथेही आर्टिकल नाही, आणि तिथे कुणी 'अ गॉड' लिहीत नाही. क्रियापदाच्या आधी आलेलं विधेयनाम निश्चित अर्थाचं असूनही बहुधा आर्टिकलशिवाय येतं, हे कोलवेल या अभ्यासकांनी १९३३ साली दाखवून दिलं. त्यांचा नियम उलटा फिरवून 'आर्टिकल नाही म्हणून निश्चितच' असंही म्हणता येत नाही. व्याकरण इथे एक हद्द आखतं, निकाल देत नाही.

७. 'यू' कोण, ते दर वेळी लिहा

लूक २२:३१-३२. शेवटच्या जेवणाची रात्र. येशू म्हणतो, 'सीमोना, सीमोना, सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे. पण मी तुझ्यासाठी विनंती केली आहे.' आधी 'ह्यमास', तुम्हां सगळ्यांना. मग 'सू', तुझ्या एकट्यासाठी. सगळे चाळले जाणार, आणि प्रार्थना एकासाठी, ज्याने पुढे फिरून बाकीच्यांना धीर द्यायचा आहे. मराठीत हे ऐकताच कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' आलं की सारं सीमोनापुरतंच, म्हणजे पेत्रापुरतंच, उरतं.

किंग जेम्सला ही सोय होती : एकाला 'दी', अनेकांना 'यू'. आजच्या इंग्रजीत काहीतरी भर घालावी लागते. एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) या इंग्रजी भाषांतराने २०११च्या आवृत्तीत पहिल्या ठिकाणी 'ऑल ऑफ यू' आणि दुसऱ्या ठिकाणी 'यू, सायमन' केलं आहे. मला तो मार्ग पटतो. शब्द वाढला, पण अर्थ वाढला नाही.

वहीत प्रत्येक 'यू'वर एक किंवा दोन टिंबं द्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

याच्या उलट एक जागा आहे, जिथे ग्रीक आणि इंग्रजी गप्प राहतात आणि मराठीला बोलावं लागतं. वादळात शिष्य म्हणतात, 'अपोल्यूमेथा', बुडतोय (मार्क ४:३८). 'आम्ही बुडतोय' की 'आपण बुडतोय'? येशू त्यात धरला आहे की नाही? इंग्रजीत 'वी' लिहून सुटता येतं. पण मराठीत थांबलात तर प्रश्न तरी पडतो, आणि प्रश्न पडला की शिष्यांच्या आवाजातली तक्रार ऐकू येते.

८. वाक्प्रचार : शब्द मोजू नका, माणूस ऐका

'काकोस एखोन्तास'. शब्दशः वाईट रीतीने असणारे. ग्रीकमध्ये 'एखो' म्हणजे बाळगणं, पण त्याच्यासोबत क्रियाविशेषण आलं की अर्थ 'त्या स्थितीत असणं' असा होतो. 'काकोस एखो' म्हणजे आजारी आहे. आपण नाही का म्हणत, 'त्याला बरं नाही'? त्यातही आजाराचा उल्लेख नाही. इंग्रजीत 'सिक', आणि पुढे चला. इथे शब्दशः काही राखण्यासारखं नाही.

'एन गास्त्रि एखूसा' (मत्तय १:१८), पोटात असलेली. पोटुशी. मराठीने तीच वाट धरली आहे. इंग्रजीत 'प्रेग्नंट' किंवा 'विथ चाइल्ड'.

'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी. किंग जेम्सने फिलिप्पैकरांस १:८मध्ये सरळ 'बॉवेल्स' लिहिलं, आणि आजचा इंग्रजी वाचक तिथे दचकतो. म्हणून आता 'अफेक्शन', 'कम्पॅशन'. अर्थ आला, शरीर गेलं. उधळ्या मुलाला बाप लांबून पाहतो (लूक १५:२०) तिथे याच शब्दाचं क्रियापद आहे, 'एस्प्लांख्निस्थे'. मराठी बाईला हे समजवावं लागत नाही. पोरगं वाळलेलं दिसलं की आतडं पिळवटतं. इंग्रजी भाषांतरात निदान क्रियापद जोरकस ठेवा. 'हॅड पिटी' फार थंड पडतं. अशा जागी मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. केडगावला मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळून त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अखंड बायबल मुळातून उतरवण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२ साली त्या गेल्या, भाषांतर १९२४ला निघालं.

पेत्राचं पहिलं पत्र १:१३ : मनाच्या कंबरा बांधून. मराठीत कंबर कसणे घरचं आहे. इंग्रजी वाचक लांब झगा कमरेला खोचून धावत नाही, म्हणून ईएसव्ही (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन) या भाषांतराने 'प्रिपेअरिंग युअर माइंड्स फॉर ॲक्शन' केलं.

आता एक जागा जिथे मराठीच फसवते. 'ओफ्थाल्मोस पोनेरोस', वाईट डोळा. आपल्याला लगेच दृष्ट लागणं आठवतं. मत्तय २०:१५मध्ये ते नाही. द्राक्षमळ्याचा मालक उशिरा आलेल्यांना पूर्ण मजुरी देतो आणि कुरकुरणाऱ्याला विचारतो, 'मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे का?' इब्री बोलण्यात वाईट डोळा म्हणजे हात आखडणारा, दुसऱ्याचं बरं न बघवणारा. 'माझं औदार्य तुझ्या डोळ्यांत खुपतं का?' असं मराठीत म्हटलं की मग इंग्रजी 'आर यू एन्व्हिअस बिकॉज आय ॲम जनरस' आपोआप येतं.

काना गावच्या लग्नात येशू आईला 'ग्युनाइ' म्हणतो आणि मग 'ति एमोइ काइ सोइ', शब्दशः 'काय मला आणि तुला' (योहान २:४). इंग्रजी 'वुमन' कानाला उर्मट लागतो. ग्रीकमध्ये तसा नाही. वधस्तंभावरून आईची सोय लावताना तो हाच शब्द वापरतो (१९:२६). मराठी 'बाई' बरोबर बसतं : अंतर आहे, अपमान नाही. इंग्रजीत त्या तोलाचा शब्द मला आजवर सापडलेला नाही. मी 'वुमन' ठेवते आणि टीप देते. दुसरा भाग जुन्या करारातून आलेला आहे. भुतंही येशूला तेच म्हणतात (मार्क ५:७), आणि तिथे सूर फार वेगळा आहे. शब्द एकच, सूर प्रसंगाने ठरतो.

'मे गेनोइतो'. नव्या करारातल्या पत्रांचा लेखक पौल हे चौदा वेळा म्हणतो, त्यांतले दहा एकट्या रोमकरांस पत्रात. शब्दशः 'तसं न होवो'. किंग जेम्सने 'गॉड फॉर्बिड' केलं. ग्रीकमध्ये त्यात ना देव आहे ना मनाई, तरी त्या काळच्या इंग्रजीत तो नेमका तितक्याच तळमळीचा उद्गार होता. भाषांतर म्हणून मला ते आवडतं. आज 'बाय नो मीन्स' म्हणतात.

आणि एक छोटा शब्द, 'मेति'. शोमरोनी बाई गावात धावत जाऊन विचारते (योहान ४:२९). ग्रीकमध्ये प्रश्न 'मे'ने सुरू झाला की बोलणारा वरकरणी 'नाही' या उत्तराकडे झुकलेला असतो, 'ऊ'ने झाला की 'हो'कडे. तिच्या मनात आशा आहे आणि ती उघड बोलायची हिंमत नाही : 'हा ख्रिस्त तर नसेल ना?' इंग्रजीत 'इज धिस द क्राइस्ट?' एवढंच लिहिलं तर तिचा आवाजच हरवतो. 'कुड धिस बी' निदान अर्ध्या वाटेवर नेतं.

९. शब्दाचं मूळ खणू नका

'राजीनामा' हा शब्द फोडा : राजी, म्हणजे कबूल, नामा, म्हणजे लेख. कबुलीचा लेख. उद्या कुणी यावरून म्हणालं की राजीनामा देणारा माणूस मनातून नोकरीला राजीच असतो, तर आपण हसू. पण ग्रीकच्या बाबतीत आपण हेच करतो आणि श्रोते मान डोलावतात. 'एक्लेसिआ' (मंडळी) म्हणजे 'बाहेर बोलावलेले'. 'द्यूनामिस' (सामर्थ्य) या शब्दातून डायनामाइट आलं, म्हणून सुवार्ता म्हणजे देवाचा सुरुंग. डायनामाइट हे नाव नोबेलने १८६७ साली दिलं. पौलाच्या मनात ते असणं शक्य नाही. शब्दाचा अर्थ त्या काळच्या वापरातून काढायचा, मुळातून किंवा वंशजातून नाही.

यातली एक चूक मी स्वतः केली आहे. एका घरगुती बायबल अभ्यासात योहान २१:१५-१७ वर मी तासभर बोलले. येशू दोनदा 'अगापास' विचारतो, पेत्र 'फिलो' म्हणून उत्तर देतो. अगापे दैवी प्रेम, फिलिआ मैत्री. तिसऱ्यांदा येशू स्वतः खाली उतरतो. डोळ्यांत पाणी आलं होतं लोकांच्या. नंतर मी याच शुभवर्तमानात हे दोन्ही शब्द शोधून काढले. पिता पुत्रावर प्रीती करतो : ३:३५मध्ये 'अगापाओ', ५:२०मध्ये 'फिलेओ'. योहानाला दोन्ही चालतात. आणि तीमथ्याला दुसरं पत्र ४:१०मध्ये पौलाचा सोबती देमास 'या जगावर प्रीती करून' पौलाला सोडून गेला, तिथेही 'अगापाओ'च. त्यात दैवी काही नाही. पुढच्या बैठकीत मी ही वचनं वाचून दाखवली आणि माझं मागचं म्हणणं परत घेतलं. त्या उताऱ्यात रडू येण्यासारखं जे आहे ते तीनदा विचारण्यात आहे, कारण पेत्राने येशूला नाकारणंही तीनदा झालं होतं. शब्दभेदाची तिथे गरज नव्हती. नियम एवढाच : दोन शब्दांत फरक सांगण्याआधी त्याच लेखकाच्या निदान पाच जागा उघडून पाहा.

१०. मसुदा तीनदा

पहिला मसुदा ओबडधोबड, ग्रीक क्रमाला धरून, फक्त व्याकरण बरोबर. दुसरा मराठीत, घरात बोलतो तसा. तिसरा इंग्रजीत, पहिल्याकडे न पाहता दुसऱ्यावरून, आणि मग शब्दन्‌शब्द ग्रीकशी ताडून. छापील भाषांतरं यानंतरच उघडायची. आधी उघडली की त्यांचंच वाक्य तुमच्या हातून लिहिलं जातं आणि तुम्हाला ते कळतही नाही. तुमचं आणि सगळ्यांचं वेगळं आलं तर बहुधा तुम्ही चुकला आहात. परत जा, आणि कुठे चुकलं ते समासात लिहा. आपापसांतच त्यांचं पटत नसेल तर तिथे ग्रीक मोकळं आहे असं समजा.

शेवटी मोठ्याने वाचा. शक्य असेल तर ग्रीक न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला सांगा.

आपलं वचन माझ्या वहीत असं उतरलं आहे : 'व्हेन ईव्हनिंग केम, आफ्टर द सन हॅड सेट, पीपल केप्ट ब्रिंगिंग टु हिम ऑल हू वेअर सिक अँड दोज ऑप्रेस्ड बाय डीमन्स.' वाचून दाखवलं तेव्हा ऐकणारीने विचारलं, संध्याकाळ आणि सूर्यास्त दोन्ही कशाला, एक खोडून टाक की. मीही खोडणार होते. मग अध्यायात अकरा वचनं मागे गेले : तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचा, होता. सूर्य मावळला की शब्बाथ संपतो, आणि मगच आजारी माणसाला खाटेसकट उचलून आणता येतं. ते लोक दिवसभर दाराआड थांबून मावळतीची वाट पाहत असणार. दोन्ही शब्द ठेवले.